संगिनींच्या पहाऱ्यातील मतपेटी

मार्च 1917 मध्ये जनरल मॉड यांच्या फौजेने तुर्कांच्या अंमलाखालील बगदाद काबीज केले, तेव्हा त्यांच्या नावे निघालेल्या जाहीरनाम्यात आपण जेते म्हणून आलो नसून मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, अशी ग्वाही देण्यात आली होती. आणि मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत मराठा पलटणींचे शिपाईही कामास आले असल्यामुळे तिची किंमत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांनीही मोजली आहे. पुढे 1920 साली त्याच मुक्त केलेल्या रयतेने बंड पुकारले, ते विमानांच्या साह्याने मोडण्यात आले, आणि 1921 मध्ये फैजल या बाहेरून आणलेल्या राजपुत्रास सार्वमतात 96 टक्के मते पडल्याचे जाहीर करून तख्तावर बसविण्यात आले. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकेचे सैन्य याच शहरात शिरण्यापूर्वी वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांनी हे दप्तर उघडून पाहिले असते, तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

सद्दाम हुसेन यांची राजवट जुलमी होती, याविषयी दुमत नाही. 1988 मध्ये हलब्जाच्या कुर्दांवर विषारी वायू सोडणाऱ्या सत्ताधीशाच्या पतनाबद्दल अश्रू ढाळणे आम्हास शक्य नाही. परंतु ज्या संहारक शस्त्रांसाठी म्हणून हे युद्ध मांडले गेले ती सापडेनात, तेव्हा लोकशाहीच्या प्रसाराचे कारण अधिकाधिक उंच स्वरात सांगितले जाऊ लागले, आणि तो प्रसार कसा चालला होता? एकाही इराकी मतदाराने न निवडलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे 2003 मध्ये पहिल्या फर्मानाने बाथ पक्षाच्या वरिष्ठ श्रेणीतील सभासदांना सरकारी चाकरीतून काढले आणि दुसऱ्या फर्मानाने सबंध लष्कर बरखास्त केले. पक्षात नाव नोंदविल्यावाचून ज्या देशात बढती दुर्मिळ होती, तेथे शाळामास्तरांपासून अभियंत्यांपर्यंत अनेकजण त्या पहिल्या कलमाखाली सापडले. दुसऱ्याने लक्षावधी शस्त्रविद्या शिकलेली माणसे उपजीविकेवाचून रस्त्यावर आली. राज्य उभारावयास निघालेल्यांनी कारभाराची यंत्रणाच प्रथम मोडून टाकावी, हा अजब न्याय होय.

त्याहून खोल जखम जुलै 2003 मध्ये नेमलेल्या शासनमंडळाने केली. त्याच्या 25 जागांपैकी 13 शियांना, 5 सुन्नींना, 5 कुर्दांना आणि एकेक तुर्कमान व असिरियन ख्रिस्ती समाजाला वाटून देण्यात आली, आणि हीच वाटणी पुढे सवयीने घटनेइतकी बळकट झाली. 1909 च्या विभक्त मतदारसंघांची फळे भोगलेल्या आपल्या देशास या पद्धतीचे गुणदोष नव्याने समजावण्याची गरज नाही. जानेवारी 2005 मध्ये, बहुतेक सुन्नींनी बहिष्कार घातलेला असताना आणि मतदानकेंद्रांवर स्फोटांचे सावट असतानाही, सुमारे 58 टक्के मतदारांनी जांभळ्या शाईत बोट बुडविले. ते धैर्य अस्सल होते, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे त्यांचेच. पण वर्षभराने समाऱ्याची शियांना पवित्र असलेली मशीद उडविली गेली आणि जातीय कत्तलीला ऊत आला.

यावर जपानचा दाखला हटकून दिला जातो. मॅकआर्थर यांच्या कचेरीत फेब्रुवारी 1946 मध्ये आठवड्याभरात तयार झालेल्या मसुद्यातून जपानची घटना निघाली आणि ती आजही चालू आहे, हे खरे. मात्र जपानशी युद्ध त्याला लोकशाही देण्यासाठी झाले नव्हते. शिवाय तेथे 1890 पासून संसद होती, 1925 मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता, आणि जेत्यांनी सम्राटास व बहुतांश नोकरशाहीस हात लावला नाही. जे बगदादमध्ये मोडले, तेच तोकियोत राखले.

दुसरा आक्षेप आपल्या दाराशीच येतो: डिसेंबर 1961 मध्ये भारताने गोव्यात फौज घातलीच ना? घातली, तिचे प्रयोजन साडेचारशे वर्षांची परकी वसाहत संपविण्याचे होते, आणि ती संपविण्याची मागणी गोमंतकीयांनी स्वतः तुरुंगवास पत्करून केलेली होती. तरीही आमच्या मते खरी परीक्षा नंतरच झाली. 1963 च्या निवडणुकीत गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या हाती सत्ता आली, महाराष्ट्रातील जवळजवळ सारे पुढारी विलीनीकरणाच्या बाजूचे होते, आणि 16 जानेवारी 1967 च्या जनमतकौलात गोमंतकीयांनी सुमारे 34 हजारांच्या मताधिक्याने तो प्रस्ताव फेटाळला. मुंबईस हा निकाल झोंबला, पण तो शिरसावंद्य मानला गेला. आपल्या इच्छेविरुद्ध दिलेला कौल मानण्याची तयारी नसेल, तर इतरांस मताधिकार बहाल करण्याचा उद्योग कोणी करू नये.

इराकमध्ये असा प्रसंग 5 जानेवारी 2020 रोजी आला. अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ इराणचे सेनापती कासिम सुलेमानी यांना ठार केल्यानंतर इराकी संसदेने परकीय सैन्याचे वास्तव्य संपविण्याचा ठराव केला. त्या बैठकीला बहुतेक सुन्नी व कुर्द सदस्य गैरहजर होते आणि ठराव बंधनकारक नव्हता, हे नमूद केले पाहिजे. परंतु वॉशिंग्टनने दिलेले उत्तर या उणिवांवर बोट ठेवणारे नव्हते. अध्यक्ष ट्रम्प यांनी पूर्वी कधी पाहिले नसतील असे निर्बंध लादण्याची धमकी दिली, आणि सैन्यमाघारीवर बोलणी करण्यास त्यांच्या परराष्ट्र खात्याने साफ नकार दिला.