सहा महिन्यांची मुदत कोणासाठी?

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, विधान भवन, मुंबई यांस,

महोदय,

चौकशी आयोग अधिनियम, 1952 च्या कलम 3(4) प्रमाणे आयोगाचा अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो कृती अहवालासह विधिमंडळाच्या पटलावर ठेवणे शासनावर बंधनकारक आहे. ही मुदत मंत्रिमंडळाच्या सोयीसाठी घातलेली नाही. लोकप्रतिनिधींवर आरोप झाले, जनतेच्या पैशाने चौकशी झाली, तर तिचे निष्कर्ष जनतेच्या सभागृहाला कळलेच पाहिजेत, एवढाच तिचा अर्थ आहे. हक्क सभागृहाचा आहे, म्हणून हे पत्र मुख्यमंत्र्यांना नव्हे, आपल्याला.

आपल्याच कुलाबा मतदारसंघात उभ्या असलेल्या आदर्श सोसायटीचे उदाहरण घ्या. माजी न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रमण्यम यांचा आयोग या सोसायटीच्या चौकशीसाठी जानेवारी 2011 मध्ये नेमला गेला. अंतिम अहवाल एप्रिल 2013 मध्ये शासनाकडे आला आणि सभागृहासमोर ठेवला गेला 20 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे आठ महिन्यांनी, तोही नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. चर्चेला वेळच उरू दिला नाही. कोणता अहवाल होता हा? 102 सभासदांपैकी 25 अपात्र, 22 व्यवहार बेनामी, आणि विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण व शिवाजीराव पाटील निलंगेकर या चार माजी मुख्यमंत्र्यांचा सोसायटीवर वरदहस्त असल्याची नोंद. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी सुमारे 61 मीटरवरून 18 मीटरवर कशी आली, शेजारच्या बेस्टच्या बॅकबे डेपोलगतच्या भूखंडाचे चटईक्षेत्र या इमारतीला कसे मिळाले, कोणत्या टेबलावरून फाईल पुढे सरकली, हे सगळे त्या चौकशीत तपासले गेले. 31 मजले हवेत उभे राहत नाहीत. प्रत्येक मजल्याखाली कुणाची तरी सही असते.

आणि शासनाने काय केले? ज्यांच्या पक्षाच्या नेत्यांची नावे अहवालात होती, त्याच मंत्रिमंडळाने तो फेटाळला. देशभर टीका झाली, स्वपक्षाच्या दिल्लीतल्या नेत्याने जाहीर नापसंती दाखवली, तेव्हा 2 जानेवारी 2014 रोजी तो अंशतः स्वीकारला गेला. अंशतः म्हणजे असा की अधिकाऱ्यांवर कारवाई करू, पण राजकीय नेत्यांच्या बाबतीत गुन्हेगारी स्वरूपाचे काही दिसत नाही. सही करणारा दोषी आणि सही करायला लावणारा मोकळा, हा निवाडा आरोपितांच्या सहकाऱ्यांनीच दिला. माझी तक्रार नेमकी इथे आहे. आयोगाचे निष्कर्ष चुकीचे असू शकतात, पण ते चुकीचे आहेत हे ठरवण्याचा अधिकार हितसंबंध गुंतलेल्या मंत्रिमंडळाला असता कामा नये.

यावर ठरलेले उत्तर येते की आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. ते खरेच आहे. रामकृष्ण दालमिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगितले की आयोग फक्त शोध घेतो आणि शिफारस करतो, निवाडा देत नाही. कलम 6 प्रमाणे आयोगापुढे दिलेली साक्ष साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. राज्यपालांनी 2016 मध्ये अशोक चव्हाण यांच्यावर खटला भरण्यास दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रद्द केली, आणि आयोगाचे निष्कर्ष पुरावा म्हणून टिकणारे नाहीत, हा त्यामागचा महत्त्वाचा मुद्दा होता. न्यायालयाच्या निर्णयाचा मी आदर करतो. पण त्यातूनच माझा मुद्दा अधिक पक्का होतो. आयोगाचे सत्य कोर्टात चालत नसेल, तर ते मांडण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे आपले सभागृह. तिथेही ते पोहोचू दिले नाही तर आयोग नेमायचा कशासाठी? लोकांचा राग शांत होईपर्यंत वेळ काढण्यासाठी?

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. कच्च्या आरोपांनी माणूस बदनाम होतो, म्हणून अहवाल जपून हाताळावा, असे म्हणतात. पण ज्याच्या लौकिकाला धक्का बसू शकतो त्याला बाजू मांडण्याची संधी देणे कलम 8ब ने आयोगावर बंधनकारकच केले आहे. उलट अहवाल दडवल्यानेच बदनामी वाढते. माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर दरमहा 100 कोटींच्या वसुलीचा आरोप झाला, मार्च 2021 मध्ये माजी न्यायमूर्ती के. यू. चांदीवाल यांची समिती नेमली गेली, एप्रिल 2022 मध्ये अहवाल आला. अडीच वर्षांनी, 2024 च्या निवडणुकीत, देशमुख सांगत होते की अहवालाने मला निर्दोष ठरवले आहे, आणि चांदीवाल सांगत होते की मी कुणाला क्लीन चिट दिलेली नाही. मतदाराने कुणावर विश्वास ठेवायचा? अहवाल तेव्हाही सभागृहापुढे आलेला नव्हता. देशमुख निर्दोष असतील तर त्यांच्यावर अन्याय झाला, नसतील तर जनतेवर झाला.

हे राज्य असे नेहमीच नव्हते. न्या. पी. बी. सावंत आयोगाने मंत्र्यांबरोबरच आरोप करणाऱ्या अण्णा हजारे यांच्या संस्थेचा कारभारही तपासला, आणि 2005 मधील अहवालानंतर सुरेश जैन व नवाब मलिक यांना मंत्रिपदे सोडावी लागली. अहवाल लोकांपुढे आला तर सत्तेला उत्तर द्यावेच लागते, याचा हा पुरावा आहे.

कलम 3(4) मोडणाऱ्याला अधिनियमात शिक्षा नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी प्रलंबित आयोग-अहवालांची यादी, प्रत्येकाच्या सादरीकरणाच्या तारखेसह, सभागृहात वाचली जावी. अहवाल शेवटच्या दिवशी ठेवला गेला तर पुढच्या अधिवेशनात त्यावर चर्चा सक्तीची असावी. आणि कृती अहवाल सभागृहाने मतदानाने स्वीकारावा किंवा नाकारावा, अशी दुरुस्ती आपण नियम समितीपुढे आणावी. येत्या अधिवेशनापासूनच हे सुरू करा.

आपला,
महाराष्ट्राचा एक मतदार