झिंगे सोडा म्हणणाऱ्यांनी आधी तळ्यात थर्मामीटर सोडावा



आपल्याकडं सध्या एक सल्ला लई फिरायलाय. शेततळं रिकामं कशाला ठेवता, झिंगे सोडा, वर्षाला दोन पिकं घ्या. कागदावरचा हिशोब बी गोड असतो. बीज एवढं, खाद्य एवढं, भाव एवढा, नफा एवढा. फक्त पाण्याचं तापमान त्या कागदावर कुठंच नसतं. माझं भांडण झिंग्याशी नाही, त्या कागदाशी आहे.

झिंगा थंड रक्ताचा जीव. पाणी तापलं की तो तापतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याला २८ ते ३१ अंश पाणी मानवतं. ३४-३५ च्या वर गेलं की खाणं सुटतं, रोग धरतो.

आता गणित बघा. २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात ८ मिलीग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला ७ च्या आत. आणि पाणी तापलं की झिंग्याला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तवाच साठा घटतो. रात्री शेवाळ बी ऑक्सिजन घेतं, म्हणून पहाटे तळ्यात तो सगळ्यात कमी असतो. न खाल्लेलं खाद्य तळाला सडून अमोनिया होतो. ३० अंशाला सामू ८ असेल तर त्यातला शंभरात साडेसात भाग विषारी, सामू ९ झाला की पंचेचाळीस.

आपलं तळं कसं? ३० बाय ३० बाय ३ मीटर, आत बहुतेक काळा कागद. एप्रिलपर्यंत पाणी बागेला जातं, उरतं कमरेएवढं. वर पारा चाळीशीच्या पुढं. उथळ पाणी तापायला वेळ लागत नाही. त्यावर सल्ला काय, तर पाणी बदला! ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात पाणी बदला म्हणणं ही चेष्टाच झाली.

"आंध्रात होतंय ना?" असं म्हणतात. तिथं किनारा हाय, खाडीचं पाणी हाय, रातभर एरेटर चालतात. झिंग्याची जात बी वेगळी, वनामी. आपल्या शेतीची लाईट आठ तास, ती बी पाळीनं. पहाटे चारला एरेटर कशावर चालवायचा? डिझेलचा खर्च त्या कागदात हाय का?

दोन पिकांचं बघू. तळं भरतं श्रावण-भादव्यात. पिकाला लागतात पाच-सहा महिने. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पाणी २० अंशाच्या खाली गेलं की वाढ थांबते. म्हणजे एकच पीक, ते बी ओढूनताणून. दुसरं पीक उन्हाळ्यात म्हणजे झिंगे थेट कढईतच सोडायचे. आणि उन्हाळा काय कमी होत नाही. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष, हे हवामान खात्यानंच सांगितलंय.

मत्स्य संपदा योजनेत अनुदान ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. उरलेला पैसा आपल्या खिशातला नाहीतर बँकेचा. झिंगे मेले तर हप्ता काय मरत नाही. वर ऐकायचं, "व्यवस्थापन चुकलं." पाणी तापलं ही शेतकऱ्याची चूक कशी?

कृषी आणि मत्स्य खात्याच्या साहेबांना एवढंच म्हणणं हाय. त्या गावच्या तळ्यातलं मे महिन्याचं तापमान, पहाटेचं आणि दुपारी तीनचं, वरचं आणि तळाचं, लिहिल्याशिवाय एकाही प्रकल्प अहवालावर सही करू नका.

शेतकरी भावांनो, बीज घ्यायच्या आधी थर्मामीटर घ्या. दोरीला बांधून तळाला सोडा, एक उन्हाळा वहीत लिहा. पहाटेच पाणी ३२ च्या वर असेल तर उन्हाळी झिंग्याचा नाद सोडा. पाणी टिकत असेल तर कटला-रोहू बरे, ते थोडं जास्त सोसतात.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर आपल्या तळ्याचं मे महिन्यातलं तापमान लिहून मग वाद घाला.