पाण्याची एक रेघ

मंडळी, या वीकेंडला कोडबद्दल काही नाही. कागदाच्या घडीबद्दल आहे. हसू नका, शेवटी भाषेवर येणार आहे.

माझा आत्तेभाऊ पुण्यातल्या एका छापखान्यात फोल्डिंग मशीन चालवतो. गाव आमचं एकच, पोखर्णी. परभणी-परळी लाईनवरचं नृसिंहाचं पोखर्णी. मी इंजिनिअरिंगला गेलो, दादा आयटीआयला. त्याच्या मशीनमधून औषधाच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं निघतात. उलगडलं तर टेबल भरून जाईल एवढा कागद, आणि घडी घातल्यावर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा. मला वाटायचं, यात काय एवढं? कागद आत, घडी बाहेर.

तसं नसतं. कागद पातळ असतो, ४० ते ६० जीएसएमचा. आधी एका दिशेनं पंख्यासारख्या घड्या पडतात, मग पट्टी झाली की ती आडवी मोडायची. इथे गंमत सुरू होते. एकावर एक आठ-दहा थर झालेले असतात, मध्ये हवा अडकलेली, आणि दुसरी घडी पहिलीला काटकोनात म्हणजे कुठली तरी एक तंतूंच्या आडवी जाणारच. (कागदाला लाकडासारखी दिशा असते. पेपर एका बाजूनं सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूनं वाकडातिकडा, ते त्यामुळेच.) आडवी मोडलेली घडी परत उसळते. फुगलेला ठोकळा पुढे औषध कंपनीच्या पॅकिंग लाईनवर अडकला की सगळी लाईन उभी राहते. पोलादी चाकानं दाबून रेघ पाडता येते, पण थर जास्त असले की वरचा कागद कापला जातो आणि खालच्याला पत्ता नसतो.

म्हणून लिक्विड स्कोअरिंग. घडी पडायच्या जरासं आधी एका बारीक नोझलमधून पाण्याची रेघ कागदावर सोडायची, बरोब्बर जिथे घडी येणार तिथे. पाणी मुरलं की तंतूंना धरून ठेवणारे बंध सैल होतात, कागद मुकाट्यानं वाकतो आणि सुकला की त्याच आकारात पकडला जातो. आपण इस्त्री करताना पाणी शिंपडतो तेच. गावाकडे वाळलेली पळसाची पानं भिजवून पत्रावळी लावायचे, बुरूड कामट्या भिजवून टोपली विणतात, तेच. फक्त इथे सेन्सर कागदाची कड बघून व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो.

दादाचं काम या 'फक्त'मध्ये आहे. पाणी कमी पडलं तर घडी उघडते. जास्त झालं तर कागद सुरकुततो, रोलरला चिकटतो, शाई पुसते. मशीनचा वेग वाढवला की तेवढ्याच दाबात कागदाला मिळणारं पाणी कमी होतं, म्हणजे दाब वाढवायचा, पण किती ते कागदावर. पावसाळ्यात कागदानं आधीच ओल धरलेली असते, एप्रिलमध्ये तोच कागद कडकडीत. पाणी क्षार काढलेलं लागतं, नाहीतर नोझलचं तोंड चोंदतं. (आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर बसतो, त्यामुळे हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.) पाणी पटकन मुरावं म्हणून त्यात थोडं ओलावा पसरवणारं द्रव्य घालतात, आणि शिफ्ट संपताना नोझल धुवायचं. दादा एक ठोकळा उचलतो, बोटात दाबून सोडतो आणि किती उघडतो ते बघतो. "कागदावर पाणी दिसलं की समज जास्त झालंय," म्हणाला. बोट लावलं तर गारवा कळावा, डोळ्याला रेघ दिसू नये.

तर हा सगळा उपद्व्याप कशासाठी? त्या दिवशी मशीनवर जे पत्रक होतं ते निर्यातीचं होतं, एकाच कागदावर तीन भाषा. युरोपीय संघाच्या २००१ च्या औषधविषयक निर्देशानुसार पत्रक त्या त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावंच लागतं. बेल्जियमसारख्या सव्वा कोटीच्या आतल्या देशात डच, फ्रेंच, जर्मन असा तिन्ही भाषांचा मजकूर लागतो. भाषा वाढल्या की कागद वाढतो, घड्या वाढतात आणि पाण्याची रेघ लागते.

आणि आपण? १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल डी-२ मध्ये पत्रकाची भाषा इंग्रजी सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. आत्या बीपीची गोळी घेते, दुकानदार स्ट्रिप कात्रीनं कापून देतो आणि पत्रक असलंच तर मोठ्या खोक्यात दुकानातच राहतं. पोरगा पत्रकांच्या घड्या घालतो आणि आईला आयुष्यात एकही वाचायला मिळालेलं नाही. मला हे चीड आणणारं वाटतं.

ऑफिसात हा विषय काढला की आयटीवाले लगेच म्हणतात, क्यूआर कोड टाका. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर तो आलाय, पण तो औषध खरं की बनावट, बॅच कुठली, एक्सपायरी कधी हे सांगायला. मराठी त्यातही नाही. आणि आत्याचा फोन बटणांचा आहे, त्यावर काय स्कॅन करणार, कपाळ? मी स्वतः ॲप बनवून पोट भरतो, तरी सांगतो, गोळीसोबत कागदच हवा.

दुसरं उत्तर येतं की एवढ्या भाषा खोक्यात मावणार नाहीत. पण सगळ्या एकत्र कशाला? राज्यागणिक दोन भाषा पुरे. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत जागा जास्त लागते, अक्षरही आत्याला दिसेल एवढं मोठं हवं. कागद दीडपट धरा. मी दादाला विचारलं, जमेल का? त्यानं हातातला ठोकळा उलगडला, बोटानं मापं घेतली आणि म्हणाला, "एक घडी वाढंल. अजून एक नोझल लावावं लागंल, अर्धा तास सेटिंगला."