सर्टिफिकेट आलं, लॅपटॉप कुठे गेले?

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसमधले ३४० लॅपटॉप भंगारात निघाले. मी ॲडमिनमध्ये नाही, पण डिस्क पुसायचं काम आमच्या टीमकडे होतं, त्यामुळे कोटेशन्सच्या मेल मलाही आल्या. तीन कोटेशन्स होती. सगळ्यात कमी भाव देणारं माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं (त्याला सन्या म्हणू). सगळ्यात जास्त भाव देणाऱ्याने त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम लिहिली होती आणि खाली एक ओळ: सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळेल. माल अजून टेम्पोत चढलेला नाही आणि त्याची 'शास्त्रशुद्ध विल्हेवाट' झाल्याचं सर्टिफिकेट तयार! ऑर्डर अर्थातच त्याला मिळाली.

मित्र आहे म्हणून मी त्याची बाजू घेतोय असं वाटेल. थोडं तसं आहेही. पण २०१९ मध्ये त्याने भोसरीला शेड घेतली तेव्हा त्याचे ऑनलाइन फॉर्म भरायला मीच बसलो होतो, दोन-तीन शनिवार-रविवार. (मोबदला: मिसळ.) त्यामुळे कमी भावामागे काय काय असतं ते मला ठाऊक आहे.

आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची संमती. ही दोन्ही १९७४ च्या पाणी कायद्याखाली आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचा दाखला. शिवाय घातक कचऱ्याचं अधिकारपत्र, कारण सर्किट बोर्डात शिसं असतं, जुन्या स्क्रीनमध्ये पारा असतो. उरलेला घातक माल रांजणगावच्या सामायिक केंद्राला पाठवायचा तर तिथलं सभासदत्व, आणि प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट, सात रंगांच्या सात प्रती. हे सगळं सन्याने केलं. कुरकुर केली, पण केलं.

आणि मग नियम बदलले. २०१६ च्या ई-कचरा नियमांत 'डिसमँटलर' नावाची वेगळी जात होती, म्हणजे वस्तू उघडून भाग वेगळे करणारा. सन्याकडे तेच अधिकारपत्र होतं. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले, त्यात केंद्रीय पोर्टलवर नोंदणीचे चारच प्रकार: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्यूसर, रिफर्बिशर, रीसायकलर. डिसमँटलर गायब! गंमत म्हणजे त्याच नियमांत राज्य सरकारांनी डिसमँटलिंगसाठी औद्योगिक जागा राखून ठेवावी आणि तिथल्या कामगारांची नोंद करावी, असंही लिहिलंय. म्हणजे शेड मिळेल, कामगाराला ओळख मिळेल, फक्त ती शेड चालवणाऱ्यासाठी ड्रॉपडाउनमध्ये नाव नाही. आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूला आला असता तर त्याच दिवशी परत गेला असता :-)

सन्या आता रिफर्बिशर आहे. दुरुस्त होतील ते लॅपटॉप विकतो, बाकीचे रीसायकलरला देतो.

आता त्या दुप्पट भावाचं गणित बघा. रॅम, एसएसडी, स्क्रीन, चार्जर या सगळ्याला बाजार आहे आणि तो सन्यालाही उपलब्ध आहे. फरक पडतो तो नंतर उरणाऱ्या गोष्टींत. सन्याला त्या रीतसर पोचवायचा खर्च येतो. दुसऱ्याला येत नाही, कारण बोर्ड पुढे विकले जातात, आणि त्यातला काही माल देशात कुठेतरी उघड्यावर जाळून किंवा ॲसिडमध्ये बुडवून तांबं-सोनं काढणाऱ्यांपर्यंत पोचतो. दिल्लीचं सीलमपूर, मुरादाबादचा रामगंगेचा काठ ही नावं त्यासाठीच कुप्रसिद्ध आहेत. तिथे धुरात बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचं बिल कोटेशनमध्ये येत नाही. तेवढं आपलं कोटेशन आकर्षक.

हल्ली आपल्यापैकी बरेच जण सरसकट म्हणतात, परवानग्या कमी करा, धंदा सोपा करा. मला ते पटत नाही. शिसं आणि ॲसिड हाताळणाऱ्याला परवानगी लागलीच पाहिजे, आणि कडक लागली पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. आपली सगळी ताकद दारावरच खर्च होते. जो दारावर येऊन अर्ज करतो त्याच्याकडे वीस कागद मागायचे, आणि जो मागच्या गल्लीत बिनबोभाट काम करतो तो सिस्टिममध्ये नाहीच, मग त्याला क्वेरी कोण काढणार?

आत गेल्यावरही तपासला जातो तो फॉर्म. वजन कोण तपासतं? प्लास्टिकच्या बाबतीत याचा नमुना २०२३ मध्ये दिसला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत चार रीसायकलर्सनी सुमारे ६ लाख बोगस सर्टिफिकेट्स काढल्याचं उघड झालं. पोर्टल होतं, लॉगिन होतं, सगळे रकाने भरलेले होते. इनपुट व्हॅलिडेशन झकास, फक्त डेटा खोटा. खरं तर लबाडी पकडायला रॉकेट सायन्स लागत नाही. शंभर टन माल फोडला म्हणता, मग विजेचं बिल किती आलं? आत किती वजन गेलं, बाहेर तांबं-लोखंड-ॲल्युमिनियम किती निघालं, रांजणगावला किती गेलं? ही बेरीज जुळत नसेल तर इन्स्पेक्टरने तिथे जावं. बेरीज जुळणाऱ्याला दर वर्षी तोच नकाशा पुन्हा अपलोड करायला लावू नये.

आणि आपण? २०२२ च्या नियमांनुसार वर्षात कधीही एक हजार किंवा जास्त इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था म्हणजे 'बल्क कन्झ्युमर'. आमच्याकडे सहाशे माणसं, प्रत्येकाला लॅपटॉप आणि मॉनिटर. आरामात बसतो त्यात. ई-कचरा नोंदणीकृत माणसालाच द्यायचा, ही आमची जबाबदारी. सर्टिफिकेटवरचा रीसायकलर नोंदणीकृत आहे, मी पोर्टलवर बघितलं. पण टेम्पो त्याच्याकडेच गेला का? गेट पास मागवून पाहिला. नग ३४०, गाडी नंबर आहे, वजनाचा रकाना रिकामा.

पुढचा लॉट मार्चमध्ये आहे, साधारण २०० मॉनिटर्स. मी ॲडमिनला मेल टाकली की, काट्याच्या दोन पावत्या मागा, एक आपल्याकडून निघताना, एक माल उतरला तिथली. उत्तर आलं, "पॉलिसीत नाही, पण ऑडिटला विचारतो." सन्याला फोन करून हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "काट्याचे पैसे कोण देणार, तू?"