बालसंगोपनाचे पैसे फुकटचे नाहीत

‘सरकार पैसे वाटायला लागलं, आता कामाला माणूस मिळत नाही,’ ही तक्रार 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आल्यापासून जोरात आहे. त्या योजनेबद्दल वाद जरूर घाला. पण त्या ओघात बालसंगोपन योजनेलाही त्याच माळेत ओवलं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे.

ही योजना अनाथ मुलांसाठी आहे. बाप किंवा आई गेलेल्या, आईबाप दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या मुलांसाठीही आहे. 2023 मध्ये तिची दरमहा रक्कम 1100 वरून 2250 रुपये झाली. म्हणजे दिवसाला 75 रुपये. नवऱ्यामागे दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई एवढ्यावर खुरपं टाकून घरी बसेल, असं म्हणणाऱ्यांनी 75 रुपयांत एका मुलाचं दूध, वह्या आणि औषध बसवून दाखवावं.

आता दुसरा एक आकडा पाहा. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा 2250 रुपयेच शिक्षण भत्ता मिळू लागला. शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला दिला की काम झालं. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला तेव्हा, जानेवारी 2024 पासून, हा भत्ताही 2812 रुपये 50 पैसे झाला; नियमातच तशी तरतूद आहे. हा भत्ता रास्त आहे, तो काढून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याने कर्मचारी आळशी होतो, असं कधी कुणी म्हटलंय का? मग बाप नसलेल्या मुलाच्या पैशानेच त्याची आई आळशी कशी होते?

हा प्रश्न तपासूनही झाला आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजनांची आकडेवारी एकत्र तपासली. मदत मिळाल्यामुळे माणसं काम सोडतात, असा पुरावा त्यांना सापडला नाही. पैसे दारूत जातात, या आक्षेपाचीही जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी वेगळी छाननी केली. तोही टिकला नाही. पैशासाठी मुलं वाढतील ही भीती तर महाराष्ट्रात बोलूच नये. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपला प्रजनन दर 1.7 होता, म्हणजे बाईमागे दोनाहूनही कमी मुलं.

एक आक्षेप मात्र मी मानतो: खोटे लाभार्थी घुसतात. तपासणी हवीच. पण आज तिचा सगळा भार खऱ्या लाभार्थ्यावर पडतो. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक, शिवाय घरासमोर उभं राहून मुलासोबत काढलेला फोटो. मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीपुढे हजेरी, तीही बहुधा जिल्ह्याच्या गावी. प्रत्येक खेपेला त्या खुरपणाऱ्या बाईचा रोज मोडतो, वर एसटीचं भाडं. इतकं करून मंजुरी मिळाली तरी अनुदान थकतं, आणि तोवर दुकानदाराची उधारी चढलेली असते. ज्याच्याकडे वेळ, ओळख आणि गाडीभाडं आहे तोच या वाटेने पार पडतो. खोट्याला अडवण्यासाठी घातलेल्या या काट्या खऱ्याच्याच पायात मोडतात.

तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आधीच झालेली असते. मुलगा कितवीत आहे हे शाळेच्या हजेरीपटावर असतं. दोन्ही कागद सरकारचेच आहेत, मग ते गोळा करायला त्या बाईनेच का हिंडायचं? मृत्यूची नोंद झाली की ग्रामपंचायतीनेच बालसंगोपनाचा अर्ज भरून पुढे पाठवावा. शंका आली तर चौकशी जरूर करावी, पण ती पुरी होईपर्यंत मुलाचे पैसे अडवू नयेत. रक्कम पगारासारखी ठरल्या तारखेला जमा व्हावी, आणि कर्मचाऱ्याच्या भत्त्यासारखी महागाईबरोबर आपोआप वाढावी.