रंगविलेला रांजण

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि लेकीबाळी घरी येऊ लागल्या, की माळ्यांची झाडाझडती सुरू होते. पूर्वी ती पापड-कुरडयांच्या डब्यांसाठी होत असे. अलीकडे ती जुन्या मातीच्या भांड्यांसाठी होऊ लागली आहे. आमची नागपूरची पुतणी यंदा आली ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, आजीची लोणच्याची बरणी आणि मागच्या अंगणातला रांजण मला द्या. दिवाणखान्यात ठेवीन." शहरातील दुकानांत अशा जुन्या बरण्यांना चांगला भाव आला आहे, हेही तिने सांगितले. बरणीला आम्ही लगेच होकार दिला. रांजणाच्या बाबतीत मात्र गप्प राहिलो. कारण त्याची एक हकिकत आहे आणि तीत दोष सर्वस्वी आमचा आहे.

आमचे हट्टा गाव दगडी बावडीसाठी ओळखले जाते. गोंड राजा हटेसिंह वलके यांनी ती बांधविली, असे येथे सांगतात. तिच्या पायऱ्या उतरून गेलेल्या माणसाला पाणी वर आणण्याचे कष्ट निराळे समजावून द्यावे लागत नाहीत. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी वैशाखात गार राखावयाचे, हे घराघरांतील रांजणाचे काम होते.

१९९८ साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. मांडव अंगणातच पडावयाचा होता. दारचा काळपट, शेवाळलेला रांजण पाहुण्यांपुढे बरा दिसणार नाही, असे आम्हांस वाटले. आम्ही त्यास घासून-पुसून तेलरंगाचे दोन हात दिले, त्यावर वेलबुट्टी काढली आणि गळ्याभोवती आरसे चिकटविले. पाहुण्यांनी वाखाणणी केली. लग्न आटोपल्यावर त्यात पुन्हा पाणी भरले, तेव्हा ते दुपारपर्यंत कोमट होऊ लागले. आईने रांजणावरून हात फिरविला आणि एवढेच म्हणाली, "रांजन साजरा दिसते, पन आता त्याले घाम नाही येत."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येते, तेथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतील उष्णता घेऊन जाते. रंगाने ती छिद्रेच बुजली. पुढे आम्ही रंग खरवडून पाहिला. वरचा निघाला, छिद्रांत मुरलेला निघाला नाही. आई असेपर्यंत तिने पुन्हा त्यात पाणी भरले नाही आणि आम्हांस बोलही लावला नाही.

म्हणून जुन्या मातीच्या भांड्यांनी घर सजवू इच्छिणाऱ्या वाचकांस आमची पहिली विनंती ही, की त्यांना रंग, व्हार्निश वा आरसे लावू नयेत. काजळी, तेलाचे डाग, घागर ठेवून पडलेले वळ हीच त्यांची नक्षी आहे. झिलई नसलेले भांडे मऊ कुंचल्याने झाडावे. त्यास साबण वा आम्ल लावू नये. बुडाखाली वाळूची चुंबळ घालावी, म्हणजे ते कलंडत नाही. फुले ठेवावयाची असल्यास आत दुसरे भांडे ठेवून पाणी त्यात घालावे. तडा गेला असल्यास सिमेंटने लिंपू नये. तडा भिंतीकडे करून ठेवावे.

चिनी मातीच्या बरणीची जात निराळी. ती अधिक आचेत भाजलेली व झिलईदार असल्याने तिच्यातून काही झिरपत नाही. म्हणूनच लोणचे वर्षभर टिकते. वरून तपकिरी व खाली पांढरट अशी बरणी बहुतेक घरांत असेल. तिचे बूड एकदा उलटून पाहावे. कारखान्याचा ठसा सापडण्याचा संभव असतो. आमच्या बाजूस जबलपुरात बर्न कंपनीचा कारखाना होता. सौराष्ट्रात या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस विशेष अभिमानाचे वाटावे. मात्र कोठून आली हे ठाऊक नसलेल्या, भडक रंगीत झिलईच्या जुन्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये. अशा झिलईत शिसे असू शकते आणि आंबटाने ते पदार्थात उतरते.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. शेतात वा पडक्या वाड्यात सापडलेले खापर शोभेसाठी घरी आणू नये. आमची वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात ज्या पवनीजवळून वाहते, तेथे १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आले. अशा ठिकाणी कोणते खापर कोणत्या थरात होते, यावरूनच काळ ठरतो. जागेवरून उचललेले खापर मुके होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी असा घरगुती वस्तूंचा संग्रह केला. पण त्यासाठी त्यांना जमीन उकरावी लागली नाही. लोकांची घरे हिंडावी लागली. आपल्यालाही आपलाच माळा पुरेसा आहे.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पुतणीस घेऊन आम्ही घट आणावयास कुंभाराकडे गेलो. जुन्या बरणीला हजारांचा भाव सांगणारी ही मुलगी नव्या घागरीवर दहा रुपयांसाठी घासाघीस करू लागली. कुंभार हसून म्हणाला, "ताई, माती बी आता विकतच आनतो. पोरगं नागपुरले कामाले जाते. माझ्या मागं चाक कोन फिरवीन?" तिने पुढे काही न बोलता सांगितले तेवढे पैसे दिले आणि आणखी दोन माठ घेतले. भद्रावतीस १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारला, तो कुंभारांच्या हातास काम मिळावे म्हणूनच. आपण जुने भांडे कोनाड्यात मांडू आणि नवे घेणारच नाही, तर आपल्या नातवंडांना मांडावयास जुने तरी कोठून मिळणार?

बरणी पुतणीने नेली. तिच्या तोंडाला आईच्याच जुन्या लुगड्याचा दादरा बांधून दिला आणि आजी कैरीच्या फोडी कशा निवडीत असे, तेही तिच्याकडून लिहून घेतले. रांजण मात्र येथेच राहिला आहे. रंगाचे पोपडे त्यावर अजून दिसतात. शेजारी नवा माठ ठेवला आहे. पाणी आम्ही त्यातले पितो.