बोटीवर चढलात की आधी ड्रिल, मग डेक

पावसाळा सरला, समुद्र निवळला आणि बॅलार्ड पिअरला पुन्हा सुटकेसांच्या रांगा लागायचे दिवस आले. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझने निघणारे, विमानाने सिंगापूर गाठून तिथून पेनांग-फुकेतची बोट धरणारे, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आईबाबांना तिकीट हातात ठेवणारे. यांतले बरेचजण पहिल्यांदाच मोठ्या बोटीवर पाय ठेवणार आहेत. त्या सगळ्यांकडे माझं एकच मागणं आहे आणि ते बॅगा भरायच्या आधी ऐका. बोटीवर गेल्या गेल्या जे सुरक्षेचं ड्रिल होतं, ते चुकवू नका. घरातल्या एकालाही चुकवू देऊ नका. बुफे कुठे पळून जात नाही.

प्रवासी जहाजांवर नोकरीला असताना मस्टर स्टेशनवर माणसं मोजायची ड्युटी माझ्याकडे असे. मस्टर स्टेशन म्हणजे संकटाच्या वेळी तुम्ही जमायची ठरलेली जागा. ती एखादं रेस्टॉरंट असेल, थिएटर असेल, नाहीतर उघडा डेक. तिचा नंबर किंवा अक्षर बहुधा तुमच्या केबिनच्या कार्डावरच छापलेलं असतं. तिथे आपली मंडळी कशी येतात ते सांगतो. आठ जणांच्या कुटुंबातून एक काका येतात, हातात आठ कार्डं. "सगळ्यांचं एकदमच करून टाका. मिसेस जरा आडवी झालीय, पोरं पूलमध्ये आहेत." रेशनच्या दुकानात एकाने कार्ड नेलं की घरभराचं धान्य मिळतं, तसा हा प्रकार नाही. नाही म्हटलं की काकांचा आवाज चढतो, मॅनेजरला बोलवा म्हणतात. आणि जे येतात त्यांतले निम्मे मोबाइलवर डेकचे फोटो पाठवत असतात.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसं होती. वेळ रात्रीच्या जेवणाची, पावणेदहाच्या सुमाराची. प्रवाशांना सांगण्यात आलं, वीज गेली आहे, काळजी करू नका. बोट सोडायचा हुकूम सुटायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर बोट एका अंगाला कलली होती. त्याच दिवशी रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, ते दुसऱ्या दिवसावर ठेवलेलं होतं. त्यात कंपनीने तेव्हाचा नियम मोडलेला नव्हता, कारण चढल्यापासून चोवीस तासांत ड्रिल घेतलं की झालं, असा नियम होता. ३२ माणसं गेली. त्यांतला शेवटचा मृतदेह सापडला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज जेनोवाला ओढून नेऊन तोडायला घेतल्यावर. तो मुंबईकडच्या एका वेटरचा होता. बोटींवर नोकरी करणारी वसईची, गोव्याची, कोकणातली पोरं आजही ही गोष्ट एकमेकांना सांगतात.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच घ्यावं लागतं. म्हणजे ज्या अर्ध्या तासाचा तुम्हाला कंटाळा येतो, त्याची किंमत कुणीतरी आधीच चुकती केलेली आहे.

आणि इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईच्या तोंडाशीच उलटली. मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली गर्दी एकाच बाजूला धावली आणि सहाशेहून अधिक लोक बुडाले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. त्यात १५ जणांचा जीव गेला. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. आजच्या क्रूझ जहाजांची त्या बोटींशी तुलना नाही, हे मी खात्रीने सांगतो. ती कितीतरी सुरक्षित आहेत. पण ती सुरक्षितता तीन हजार माणसांना कुठे जायचं हे आधी माहीत असण्यावर उभी आहे. जॅकेट घालून सगळे जमले आणि बोट सोडायचा हुकूम झाला, की त्यानंतर तीस मिनिटांत सर्व लाइफबोटी माणसांसकट पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत, असा नियम आहे. त्या तीस मिनिटांत झोपलेल्या मिसेसना शोधायला कुणी मोकळं नसतं.

म्हणून ड्रिलमध्ये काय बघायचं ते नीट समजून घ्या. हल्ली काही कंपन्या सगळ्यांना एकत्र बोलवत नाहीत. मोबाइलवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. सोपं झालंय, त्यामुळे दुर्लक्षही सोपं झालंय. व्हिडिओ लावून अंघोळीला जाऊ नका. धोक्याचा भोंगा ओळखा: सात छोटे आवाज आणि मग एक लांब. तो ऐकू आला की लिफ्ट नाही, जिना. केबिनपासून जिन्यापर्यंत एकदा स्वतःच्या पायांनी चालून या आणि मधली दारं मोजा. धुरात दिसत नाही, मोजलेलं आठवतं.

जॅकेट हातात घेऊन बघा. त्याला शिट्टी असते, पाण्यात पडल्यावर लागणारा दिवा असतो, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या असतात. पट्टा सैल ठेवला तर पाण्यात जॅकेट वर आणि माणूस खाली, असं होतं. साडी नेसणाऱ्या आईला, आजीला मुद्दाम सांगा की पदर आधी कमरेला घट्ट खोचायचा, पट्टा त्याच्यावरून. लोंबता पदर जिन्यात दुसऱ्याच्या पायात येतो. भोंगा वाजला तेव्हा केबिनमध्ये असाल तर अंगावर जाड कपडा, पायात सपाट चप्पल आणि रोजची औषधं घेऊन निघा. बाहेर असाल तर यातल्या कशासाठीही केबिनकडे परत फिरू नका. जॅकेटं स्टेशनवरही मिळतात.

लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचं जॅकेट लागतं. केबिनमध्ये नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. पुष्कळ बोटींवर मुलांच्या मनगटाला स्टेशनचा पट्टा बांधतात. तो फोटोत वाईट दिसतो म्हणून कापून टाकणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. कृपा करा, राहू द्या. मूल किड्स क्लबमध्ये असेल तर तिथले कर्मचारी संकटात त्याला कुठे आणणार, हे पहिल्याच दिवशी त्यांना विचारा, म्हणजे सगळे वर चढत असताना तुम्ही उलटे खाली पळणार नाही. आणि ज्यांना जिना जमत नाही, ऐकू कमी येतं, व्हीलचेअर लागते, त्यांची नोंद रिसेप्शनवर चढल्या चढल्या करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना उचलून न्यायला माणसं नेमलेली असतात, पण कुठल्या केबिनमध्ये जायचं हे त्या माणसांना आधी कळायला हवं.

आगीचं सांगतो, कारण बोटीवर पाण्यापेक्षा आगीची भीती मोठी. तिथे फायर ब्रिगेड येत नाही, असलेले खलाशीच विझवतात. मार्च २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' या बोटीच्या बाल्कन्या पेटल्या. चौकशीत सगळ्यात जास्त शक्यता निघाली ती कुणीतरी टाकलेल्या पेटत्या सिगारेटची. त्यात एक प्रवासी दगावला. वरून खाली टाकलेलं थोटूक वाऱ्याने खालच्या बाल्कनीत शिरतं, समुद्रापर्यंत पोचतच नाही. आपल्या घरांतून निघणाऱ्या बॅगांत मात्र दुसरीच यादी सापडते: इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, चहाची किटली, निरांजन, कापूर, उदबत्ती. हे सगळं एक्स-रेमध्ये दिसतं आणि काढून ठेवतात. चतुर्थी असो नाहीतर एकादशी, केबिनमध्ये ज्योत लावायची नाही. देवापुढे हात जोडा, तेवढं पुरतं.

कठड्याबद्दलही बोललं पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली त्या दिवशी बोटीच्या टोकावर बसून काढलेल्या एका सेल्फीची चर्चा किती रंगली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. रेलिंग छातीशी येईल इतकं उंच ठेवलेलं असतं ते उगाच नाही. शांत समुद्रातही त्यावर चढून पडणारे असतात आणि बहुधा हातात ग्लास असतो. मुलाला उचलून रेलिंगवर बसवू नका, बाल्कनीतली खुर्ची कठड्यापाशी ओढू नका. कुणी पडलेलं दिसलंच तर "मॅन ओव्हरबोर्ड" असं जोरात ओरडा, जवळचं गोल लाइफबॉय पाण्यात फेका आणि हाताचं बोट त्या माणसाकडे रोखून उभे राहा. नजर हलवू नका. बोटीला वळून यायला वेळ लागतो आणि लाटांत एक डोकं क्षणात हरवतं.

आता औषधं. बंदरावर ज्या मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात, त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. इन्सुलिन, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, चष्मा, कागदपत्रं आणि एक कपड्याचा जोड खांद्याच्या पिशवीत ठेवा. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि दोन-चार दिवस पुरतील इतक्या जादा. बोटीवर डॉक्टर असतो, पण तिथे दवाखाना असतो, हॉस्पिटल नव्हे, आणि उपचारांची फी घेतात. हृदयविकार किंवा मोठं दुखणं असेल तर वैद्यकीय स्थलांतराचा खर्च देणारा प्रवास विमा काढा. भरसमुद्रातून माणूस उतरवण्याचा खर्च ऐकून धडधाकट माणसालाही धाप लागेल. गरोदर बायकांना साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. हे धक्क्यावर कळलेली जोडपी रडत परत गेलेली मी पाहिली आहेत.

बोट लागते त्यांनी केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी. गोळी डोकं गरगरायच्या आधी घ्यायची असते. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. काचबिंदू आणि प्रोस्टेटवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. उलटी सुरू झालीच तर केबिनमध्ये पडून न राहता वर उघड्या हवेत बसा आणि क्षितिजाकडे बघा.

बोटीवर पोट बिघडलं तर लपवू नका, डॉक्टरला कळवा. नोरोव्हायरस हा बंदिस्त जागेत फार झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो पुरता दबत नाही. बुफेच्या दाराशी सॅनिटायझरचा फवारा मारून लोक समाधानाने ताट उचलतात. साबण आणि पाणी, वीस सेकंद, ताट उचलायच्या आधी. वाढायचे चमचे हजार हातांतून फिरतात.

फोनचं थोडक्यात: किनारा सुटला की फोन आपोआप बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला जाऊन चिकटतो. तुमचं नेहमीचं रोमिंग पॅक तिथे चालेलच असं नाही आणि बिल हजारोंत जातं. चढल्यावर एअरप्लेन मोड लावा, हवं तर बोटीचं वायफाय घ्या.

बंदरात उतरलात तर परतायची वेळ बोटीच्या घड्याळाने पाळा. परदेशात बोटीची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि माणूस फसतो. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट सहसा थांबते, तुमच्या रिक्षासाठी थांबत नाही. परदेशी क्रूझ ज्या देशातून निघून त्याच देशात परत येते, त्याचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर परतताना तुम्ही अडकता. हे बुकिंगच्या वेळीच तपासा. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो कंपनी काढून देणार की तुम्ही काढायचा हेही लेखी घ्या. आणि बोट सुटायच्या दिवशीच पुण्याहून, नाशिकहून निघू नका. आदल्या दिवशी मुंबईत पोचा. बोट सुटायच्या बऱ्याच आधी गेट बंद होतं आणि घाटात ट्रक उलटला ही सबब तिथे चालत नाही.

शेवटची विनंती सहली नेणाऱ्यांना. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्या आणि टूर कंपन्या हल्ली पन्नास-पन्नास जणांचे गट बोटीवर नेतात. प्रवासाआधी जी बैठक घेता, ज्यात कपडे काय घ्यायचे आणि गाण्याच्या भेंड्या कधी यावर तासभर जातो, त्यात वीस मिनिटं ड्रिलला द्या. भोंग्याचा आवाज ऐकवा, एक जॅकेट आणून प्रत्येकाला घालून बघायला लावा. बोटीवर चढल्यावर गटाचा पहिला कार्यक्रम स्वागताचा चहा नको, मस्टर स्टेशनवर जाऊन येण्याचा ठेवा. तुमची यादी घेऊन तिथे उभे राहा आणि नावं स्वतः वाचा, म्हणजे कुणाची मिसेस केबिनमध्ये आडवी झालीय ते बोट धक्क्याला असतानाच कळेल.